हायडॅटिडसाठी हातावरची सुई नको, सोनोग्राफी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेंढपाळांच्या आरोग्य शिबिराचा विषय निघाला की जत, आटपाडी, कवठेमहांकाळपासून थेट माण-खटावपर्यंत एक मागणी हमखास पुढे येते. टीबीसाठी मुलांच्या हातावर सुई टोचून बघतात, तशी पोटातल्या पाण्याच्या गाठीसाठी, म्हणजे हायडॅटिडसाठी, सुई टोचा आणि अख्ख्या वाड्याची, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळाची, तपासणी एका दिवसात उरका, अशी ती मागणी. तिच्यामागची कळकळ खरी आहे. मेंढरे, कुत्री आणि माणसे बारा महिने एकाच रानात राहतात, तिथे हा आजार आहे आणि तो वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही. पण ही सुई आता टोचू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नुसते ‘नको’ म्हणून भागणार नाही, म्हणून कारणे जरा सविस्तर मांडतो.

आधी आजाराविषयी. एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस नावाचा टेपवर्म कुत्र्याच्या लहान आतड्यात राहतो. लांबी जेमतेम ३ ते ६ मिलिमीटर; अंगाचे तीन-चार तुकडे आणि शेवटच्या तुकड्यात शेकडो अंडी. एका कुत्र्यात असे हजारो किडे असू शकतात, तरी कुत्रे धडधाकट दिसते. अंडी विष्ठेतून बाहेर पडतात आणि गवतावर, पाण्यात, कुत्र्याच्या केसांवर चिकटून राहतात. चरताना ती मेंढीच्या पोटात गेली की तिच्या काळजात (यकृतात) आणि फुफ्फुसात पाण्याच्या गाठी होतात. ती काळजे-फुफ्फुसे कुत्र्याने कच्ची खाल्ली की चक्र पुरे होते. माणूस या चक्रात चुकून सापडतो. कुत्र्याला कुरवाळलेल्या हाताने भाकरी खाल्ली, न धुतलेली कोथिंबीर तोंडात टाकली, एवढे पुरते. एक गैरसमज इथेच दूर करू: मटण खाऊन हा आजार माणसाला होत नाही, गाठ असलेली कलेजी खाऊनही होत नाही. माणसाला तो कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांपासूनच होतो.

माणसाच्या शरीरात साधारण सत्तर टक्के गाठी यकृतात, वीस टक्क्यांच्या आसपास फुफ्फुसात आणि उरलेल्या प्लीहा, मूत्रपिंड, मेंदू, हाड अशा कुठेही. वाढ फार सावकाश. लहानपणी पोटात गेलेले अंडे तिशी-चाळिशीत त्रास देऊ लागते. तोवर ताप नाही, दुखणे नाही. एखाद्या दिवशी उजव्या बरगडीखाली जडपणा जाणवतो, किंवा भलत्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत गाठ दिसते.

आता सुईबद्दल. तिचे नाव कॅसोनी चाचणी. टोमासो कॅसोनी या इटालियन डॉक्टरांनी ती १९११-१२ च्या सुमारास मांडली. मेंढीच्या किंवा माणसाच्या गाठीतले स्वच्छ पाणी काढायचे, बारीक गाळणीतून गाळून निर्जंतुक करायचे आणि त्यातले ०.२ मिली एका हाताच्या पुढच्या बाजूला कातडीच्या थरातच सोडायचे. दुसऱ्या हाताला तेवढेच साधे सलाईन, तुलनेसाठी. गाठ असलेल्या माणसाच्या रक्तात या पाण्यातल्या प्रथिनांविरुद्ध आयजीई प्रकारची प्रतिपिंडे असतात. ती कातडीतल्या मास्ट पेशींवर चिकटलेली असतात, आणि ओळखीचे प्रथिन आले की त्या पेशी हिस्टामिन सोडतात. वीस मिनिटे ते अर्ध्या तासात फिकट, फुगीर गांधी उठते. खऱ्या पॉझिटिव्हमध्ये ती पाच सेंटीमीटरपर्यंत पसरते आणि तिच्या कडेला वेडेवाकडे फाटे फुटतात. तासाभरात ती ओसरते. काहींना सात-आठ तासांनी त्याच जागी पुन्हा सूज आणि कडकपणा येतो.

सोनोग्राफी नव्हती तेव्हा हिला मोल होते. एक्स-रेवर फुफ्फुसातली गाठ दिसायची, पण यकृतातली गाठ कॅल्शियम साचल्याशिवाय दिसायची नाही. पोटाला हात लावून लागणारा गोळा कसला, हे शस्त्रक्रियेआधी सांगायला कॅसोनी हाच मोठा आधार होता. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पुस्तकांत ती आजही छापलेली असते, म्हणून डॉक्टरांच्याही डोक्यातून ती सहजी जात नाही.

अडचणी कुठे आहेत? पहिली औषधातच. टीबीच्या मँटू चाचणीचे द्रव्य ठरलेल्या ताकदीचे, कारखान्यात तयार झालेले असते. कॅसोनीचे पाणी ज्या त्या ठिकाणी कत्तलखान्यातून आणून तयार केले जाई. एका मेंढीच्या गाठीतल्या पाण्यात प्रथिने किती, दुसरीच्या किती, याचा मेळ नाही. प्रथिने कमी पडली तर खरा रुग्णही निगेटिव्ह. जास्त झाली, किंवा टिकवण्यासाठी घातलेले रसायनच कातडीला झोंबले, तर निरोगी माणसाच्या हातावरही गांधी. माणसाच्या गाठीतले पाणी वापरले तर त्यातून विषाणू जाण्याचा धोका निराळाच.

दुसरी अडचण टोचण्यातली. ०.२ मिली कातडीच्या थरात बसवायचे तर बारीक सुई, तिचे उघडे तोंड वर आणि सुई जवळजवळ आडवी हवी. लगेच संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत फुगवटा दिसला तरच जागा बरोबर. सुई थोडी खोल गेली की औषध कातडीखाली पसरते आणि काहीच उठत नाही. रुग्णाने आदल्या दोन-तीन दिवसांत सर्दी-खाजेसाठी सेट्रिझिनसारखी गोळी घेतली असेल, तरीही काही उठत नाही, आणि ही गोळी कोणत्याही दुकानात मिळत असल्याने घेणारा ते सांगेलच असे नाही. उलट काहींची कातडीच अशी की नखाने ओढले तरी वळ उठतो. अशांच्या दोन्ही हातांवर गांधी येते. सलाईनचा हात बघितला नाही तर त्यांना गाठ असल्याचे सांगून मोकळे होतात.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी. चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आज पोटात जिवंत गाठ आहे, असे ठरत नाही. दुसऱ्या टेपवर्मचा संसर्ग असेल तरी ती पॉझिटिव्ह येते. शस्त्रक्रियेने गाठ काढून टाकलेल्या माणसात ती पुढे कित्येक वर्षे पॉझिटिव्हच राहते, त्यामुळे गाठ पुन्हा झाली का, हे तिच्यावरून कळत नाही. निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असेही नाही. अखंड कवचातली गाठ शरीराला आपली चाहूलच लागू देत नाही, मेलेली आणि कॅल्शियम साचलेली गाठ गप्प असते, आणि फुफ्फुसातल्या गाठीत तर निगेटिव्ह येणे नेहमीचे. शिवाय ही सुईच शरीरात त्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते. म्हणून जुन्या पद्धतीत नियम असा होता, की रक्ताची तपासणी करायची असेल तर रक्त आधी काढा, सुई मग टोचा. शिबिरात एकदा सुई टोचली की त्या माणसाच्या पुढच्या रक्ततपासणीवरही शंकेची सावली पडते.

आणि धोका. जी माणसे या प्रथिनांना तीव्र प्रतिक्रिया देतात, तीच शोधण्यासाठी ही चाचणी. म्हणजे ॲलर्जीचा जोरदार झटका येण्याची शक्यता नेमकी खऱ्या रुग्णात. रक्तदाब कोसळतो, घसा आवळतो, अंगभर गांध्या उठतात. अशा वेळी मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत ॲड्रिनॅलिन, प्रौढाला ०.५ मिग्रॅ, ताबडतोब द्यावे लागते. ऑक्सिजन आणि सलाईन हाताशी लागते. माळरानावर तंबू ठोकून शेपन्नास जणांना अशी सुई टोचणे आम्हाला मान्य नाही.

‘सुई पॉझिटिव्ह म्हणजे आजार’ हे समीकरणच मुळात फसवे आहे. मँटू चाचणीत ०.१ मिली टोचून ४८ ते ७२ तासांनी कडक भाग मोजतात, कारण तिथे पेशींची सावकाश प्रतिक्रिया बघायची असते, आणि तीसुद्धा संसर्ग झाल्याचे सांगते, चालू आजार नव्हे. काळाआजाराच्या जातीतल्या आजारांसाठी ब्राझीलमध्ये माँटेनेग्रो यांनी १९२६ मध्ये सुचवलेली लेशमॅनिन चाचणी तर आणखी वेगळी. काळाआजाराने रुग्ण खंगलेला असतो तेव्हा ती निगेटिव्ह असते आणि तो बरा झाल्यावर काही आठवड्यांनी-महिन्यांनी पॉझिटिव्ह होते. त्याच जातीच्या परजीवीने कातडीवर व्रण झाले असतील तर मात्र आजार चालू असतानाच पॉझिटिव्ह. त्यामुळे एका आजाराची सुई बघून दुसऱ्याच्या सुईबद्दल अंदाज बांधता येत नाही.

शिबिराच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी होतो: चाचणी थोडी चुकली तरी काय बिघडले, निदान गाळणी तर लागेल. आकडे मांडून बघू. हे आकडे फक्त हिशेबासाठी घेतलेले आहेत. समजा हजार माणसांत दहा जणांना खरोखर गाठ आहे. सुईने दहातले आठ पकडले आणि उरलेल्या ९९० पैकी दहा टक्क्यांना उगाच पॉझिटिव्ह ठरवले. म्हणजे ९९ निरोगी आणि ८ रुग्ण, मिळून १०७ जण पॉझिटिव्ह. या १०७ जणांना सोनोग्राफी करावीच लागणार; ९९ घरांत विनाकारण घबराट होणार, आणि दोन रुग्ण ‘तुम्हाला काही नाही’ हे ऐकून निर्धास्त होऊन पुन्हा चार वर्षे तपासायला येणार नाहीत. शेवटी सोनोग्राफीलाच जायचे असेल तर सुरुवात तिथूनच करावी.

सोनोग्राफीत गाठ नुसती दिसत नाही, तिची अवस्था कळते. ट्युनिसचे डॉ. घार्बी यांनी १९८१ मध्ये केलेली वर्गवारी सुधारून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००३ मध्ये जी वर्गवारी दिली, ती आज जगभर वापरतात. तिच्यातले ‘सीई’ हे सिस्टिक एकायनोकॉकोसिस, म्हणजे हायडॅटिडच्या शास्त्रीय नावाचे, लघुरूप. सीई-१ म्हणजे एकच पोकळी, दुहेरी रेषेचे कवच, आणि रुग्णाला कूस बदलायला लावली की आत तरंगणारे बारीक ठिपके. सीई-२ मध्ये मोठ्या गाठीच्या पोटात पिल्लू-गाठी. सीई-३ मध्ये आतला पापुद्रा सुटून पाण्यात लोंबतो (३-अ), किंवा घट्ट झालेल्या भागात काही पिल्लू-गाठी उरतात (३-ब). सीई-४ आणि सीई-५ म्हणजे मरत आलेली किंवा मेलेली, कवचात कॅल्शियम साचलेली गाठ. उपचार याच क्रमांकावर ठरतो. म्हणून रुग्णांनी आणि डॉक्टरांनी सोनोलॉजिस्टकडे आग्रह धरावा, की रिपोर्टात ‘लिव्हर सिस्ट’ एवढ्यावर थांबू नका. गाठी किती, प्रत्येकीचे माप सेंटीमीटरमध्ये, यकृताच्या कोणत्या भागात, सीई क्रमांक कोणता, आणि पित्तनलिका फुगल्या आहेत का, एवढे लिहा. जोडीला छातीचा एक साधा एक्स-रे हवा. यकृतात गाठ सापडलेल्यांपैकी काहींच्या फुफ्फुसातही ती असते, आणि फुफ्फुस सोनोग्राफीत नीट दिसत नाही.

रक्ताची एलायझा तपासणी मदतीला घ्यावी, पण चित्र बघितल्यानंतर. यकृतातल्या गाठीत ती बऱ्यापैकी साथ देते. फुफ्फुसातल्या गाठीत, अगदी नव्या सीई-१ मध्ये आणि सीई-४, ५ मध्ये ती पुष्कळदा निगेटिव्ह येते. गाठ सोनोग्राफीत स्पष्ट दिसत असताना एलायझा निगेटिव्ह आली म्हणून ‘साधी पाण्याची गाठ’ असा शेरा मारणे ही चूक आम्हाला वारंवार आढळते.

तिच्यापुढची चूक जीवघेणी आहे. आपल्याकडे अमिबाने होणारा यकृताचा गळू पुष्कळ, आणि त्यात सुई घालून पू काढण्याचा हात अनेकांना बसलेला. सोनोग्राफीत पोकळी दिसली की त्याच सवयीने सुई घातली जाते. गळूच्या रुग्णाला ताप असतो, दाबले की दुखते, माणूस आजारी दिसतो. हायडॅटिडचा रुग्ण बहुधा चालत येतो आणि चालत जातो. हा फरक बघायला हवा. हायडॅटिडच्या गाठीत दाब असतो. बेसावध सुई घातली की पाणी पोटात सांडते, क्षणात ॲलर्जीचा झटका येऊ शकतो, आणि त्या पाण्यातला टेपवर्मचा प्रत्येक सूक्ष्म अंकुर पोटाच्या पडद्यावर नवी गाठ धरू शकतो. कुणाच्या सिरिंजमध्ये पुवाऐवजी झऱ्यासारखे निर्मळ पाणी आलेच, तर ते बेसिनमध्ये ओतू नका. सेंट्रिफ्यूज करून तळाचा थेंब काचपट्टीवर घ्या, सूक्ष्मदर्शकाचा प्रकाश कमी करा. २० ते ४० मायक्रॉनचे आकड्यासारखे हूक किंवा अंकुर दिसले तर निदान तिथेच झाले. टीबीसाठी वापरतो त्या झील-नील्सन रंगातही हे हूक चांगले उठून दिसतात.

उपचार थोडक्यात. पाच सेंटीमीटरच्या आतली सीई-१ किंवा सीई-३अ गाठ बहुधा फक्त अल्बेंडाझोलवर जाते: किलोमागे रोज १० ते १५ मिग्रॅ, दोन भागांत, म्हणजे बहुतेक प्रौढांना ४०० मिग्रॅची गोळी दोन वेळा, तेला-तुपाच्या जेवणासोबत, तीन ते सहा महिने. उपाशीपोटी घेतली तर ती अंगी लागत नाही. या काळात यकृताच्या तपासण्या आणि पांढऱ्या पेशी नियमित बघाव्या लागतात, आणि गरोदर स्त्रीला, विशेषतः पहिल्या महिन्यांत, ती देत नाहीत. शाळेत जंतनाशक दिनी मिळणाऱ्या एका गोळीने ही गाठ जात नाही, हे पालकांनी लक्षात घ्यावे. मोठ्या सीई-१, ३अ गाठीत अल्बेंडाझोल सुरू करूनच सोनोग्राफीखाली पाणी काढणे, ९५ टक्के अल्कोहोल किंवा २० टक्के मिठाचे पाणी निदान पंधरा मिनिटे आत ठेवून ते परत ओढून घेणे, अशी पद्धत आहे. पण ती भूलतज्ज्ञ हजर असलेल्या रुग्णालयात, आणि गाठ पित्तनलिकेत उघडत नाही याची खात्री करूनच. सीई-२ आणि ३ब ला बहुधा शस्त्रक्रिया. सीई-४, ५ ला काहीच न करता दर वर्षी सोनोग्राफी. फुफ्फुसातल्या गाठीत सुई घालायची नाही, शस्त्रक्रियेआधी अल्बेंडाझोलही द्यायचे नाही, कारण गाठ फुटू शकते. खोकताना अचानक तोंड भरून खारट पाणी आणि त्यात द्राक्षाच्या सालीसारखे पांढरट पापुद्रे आले, तर फुफ्फुसातली गाठ फुटली असे समजून थेट मोठे रुग्णालय गाठावे. येताना ते पापुद्रे डबीत घेऊन यावे.

आता कुत्र्याबद्दल. या आजाराचा खर्च जिथे खरा वाचतो ती जागा हीच.

वाड्यावरच्या कुत्र्यांना मेंढरांबरोबर आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन देतात, किंवा मेंढरांसाठी आणलेले अल्बेंडाझोलचे पातळ औषध त्यांच्याही तोंडात ओततात. गोचीड, गोल जंत यांना त्याचा उपयोग असेल, पण आयव्हरमेक्टिन कोणत्याही टेपवर्मवर चालत नाही, आणि अल्बेंडाझोलच्या एका डोसाने एकायनोकॉकस मरत नाही. याचे औषध प्राझिक्वांटेल. किलोमागे ५ मिग्रॅ, तोंडाने. बाजारात तीन औषधे एकत्र असलेल्या ज्या गोळ्या मिळतात, त्यांत बहुतेकांत प्राझिक्वांटेल ५० मिग्रॅ असते, म्हणजे दहा किलोला एक गोळी. २२ किलोच्या कुत्र्याला दोन नव्हे, अडीच गोळ्या. ‘एक कुत्रे एक गोळी’ हा हिशेब मोठ्या धनगरी कुत्र्यांत औषध वाया घालवतो. उपाशी ठेवायची गरज नाही; भाकरीच्या गोळ्यात दाबून द्यावी आणि कुत्र्याने ती ओकून टाकली नाही ना, हे थोडा वेळ बघावे. पाकिटावरचे नाव न बघता आतला घटक बघावा.

ही गोळी एकदा देऊन भागत नाही, सहा आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. का? गाठ खाल्ल्यापासून किडा मोठा होऊन अंडी टाकू लागायला साधारण सहा-सात आठवडे लागतात. त्याआधी मारला तर एकही अंडे बाहेर पडत नाही. दर सहा आठवड्यांनी जमले तर उत्तम, अगदीच नाही तर वर्षातून चार वेळा तरी. गोळी किडा मारते, अंडी मारत नाही. मरणाऱ्या किड्यांतून अंडी बाहेर येतात, म्हणून गोळीनंतर दोन दिवस कुत्रे बांधून ठेवावे, विष्ठा फावड्याने उचलून खड्ड्यात जाळावी किंवा तिच्यावर उकळते पाणी ओतावे. फिनेल आणि डेटॉलने ही अंडी मरत नाहीत. कडक ऊन आणि कोरडेपणा त्यांना मारतो. ओलसर गारव्यात, गोठ्याच्या कडेला, उसाच्या सरीत ती महिनोन्महिने टिकतात.

विष्ठा तपासून बाधित कुत्रे ओळखता येईल का, असे विचारले जाते. साध्या सूक्ष्मदर्शकाने नाही. या किड्याची अंडी कुत्र्यातल्या दुसऱ्या टेपवर्मच्या अंड्यांसारखीच दिसतात. विष्ठेतले प्रतिजन किंवा डीएनए तपासण्याच्या चाचण्या आहेत, त्या संशोधनाला उपयोगी; वाड्यावर तपासणीची वाट न बघता सगळ्यांनाच गोळी देणे सोपे.

दुसरे टोक खाटकाच्या सुरीपाशी. मेंढीच्या काळजात किंवा फुफ्फुसात रुतलेली, ताणलेली, जाड पांढरट कवचाची पाण्याची पिशवी दिसली तर ती हायडॅटिड. आतड्याभोवतीच्या चरबीला लोंबणारी, पातळ आवरणाची, एकाच पांढऱ्या ठिपक्याची पिशवी वेगळी. तीही कुत्र्याच्याच दुसऱ्या टेपवर्मची, पण माणसाला तिचा त्रास नाही. ओळख पटो न पटो, दोन्हीपैकी कोणतीही कुत्र्यापुढे टाकायची नाही आणि जागेवर फोडायची नाही. अर्धा तास खळखळ उकळली तर आतले अंकुर मरतात. नाहीतर चार फूट खोल खड्डा, वर दगड आणि काटेरी फांद्या, कारण कुत्री उकरतात. सर्वांत जास्त काळजी म्हाताऱ्या मेंढ्यांची. गाठ जितकी जुनी तितके अंकुर जास्त. वाड्यावर कापली जाते किंवा वाटेत मरून पडते ती बहुधा हीच म्हातारी मेंढी. चालत्या वाड्यात मेलेले जनावर बांधाला टाकून पुढे जाण्याची रीत थांबली पाहिजे. गावजत्रेत एका दिवशी बकऱ्या-मेंढरांचा ढीग कापला जातो. त्या दिवशी जत्रा कमिटीने मंडपाआधी खड्डा खणावा.

हे होऊ शकते याचा पुरावा जुना आहे. आइसलँडमध्ये १८६४ मध्ये डॅनिश संशोधक क्राबे यांची पुस्तिका घरोघर वाटली गेली; गाठी कुत्र्याला घालू नका, कुत्र्याला जंताचे औषध द्या, एवढाच तिचा गाभा. तेव्हा ना सोनोग्राफी होती, ना प्राझिक्वांटेल. तिथून हा आजार गेला. न्यूझीलंडनेही कुत्री आणि कत्तलखाने यांवर नियंत्रण ठेवूनच तो घालवला.

आमच्या मागण्या सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य आणि पशुसंवर्धन विभागांकडे आहेत. सोनोग्राफी यंत्र गाडीत घालून रानात सहजी नेता येत नाही. गर्भलिंग निदानविरोधी कायद्याने नोंदणी केलेल्या जागेबाहेर ते हलवण्यावर कडक बंधने आहेत, आणि ती योग्यच आहेत. म्हणून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ठरलेले दिवस ठेवावेत. वाडे दिवाळीनंतर बाहेर पडतात आणि पावसाच्या तोंडाला परततात, तेव्हा हे दिवस श्रावण-भाद्रपदात असावेत, बाजाराच्या दिवशी असावेत, आणि त्याच खेपेत छातीचा एक्स-रे व्हावा. सोनोलॉजिस्ट नसेल तिथे मिरज किंवा सातारा येथून महिन्यातून दोन दिवस बोलवावा. सीई क्रमांक छापलेला रिपोर्टचा नमुना दोन्ही जिल्ह्यांत एकच करावा. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने खाटकांसाठी गाठ ओळखण्याचे रंगीत फलक तयार करून द्यावेत.

प्राझिक्वांटेलची मोहीम वेगळी काढण्याची गरज नाही. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस टोचायला पशुवैद्यक कळपापाशी जातातच, त्याच फेरीत कुत्र्यांचे वजन करून पहिली गोळी समोर द्यावी. दिवाळीनंतर वाडा हलतो तेव्हा पुढच्या सात-आठ महिन्यांत पाच खेपा येतात. या पाच खेपांच्या गोळ्या प्रत्येक कुत्र्याच्या वजनाप्रमाणे मोजून, पाकिटावर तारीख घालून मेंढपाळाच्या घरच्या बाईच्या हाती द्याव्यात, कारण वाड्यावर कुत्र्यांना भाकरी तीच घालते.

आपले,
एक विकृतिशास्त्रज्ञ व एक पशुवैद्यक
विटा, जि. सांगली